निरंक

आमच्या केंद्रातल्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे निरंक. कचेरीतला शब्द. सांगण्यासारखं काही घडलं नाही, पण आम्ही जागेवर होतो आणि बघत होतो, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत येतं. कोयना खोऱ्यातल्या एका टेकडीवर, दोन खोल्या आणि एक खड्डा एवढाच पसारा असलेल्या भूकंपमापन केंद्रात मी चौतीस वर्षं निरीक्षक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळचा चहा झाला की हात वहीकडे जातो. आता त्या वहीत कोयनेऐवजी किलाउएआचा दिवस लिहितो.

किलाउएआ हा हवाई बेटावरचा ज्वालामुखी. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ उतरत असते आणि विवराच्या तळातली धग डोळ्यांना दिसू लागते. त्यामुळे माझी पाळी सोयीची आहे. आंघोळ, पूजा उरकून बसलं की पडद्यावर काठावरचे कॅमेरे उघडायचे. व्ही-1 वायव्येकडून बघतो, व्ही-2 पूर्वेकडून. दक्षिणेच्या व्ही-3 विषयी पुढे सांगतो. त्यांच्या शेजारी जमिनीच्या कलाचा आलेख. 23 डिसेंबर 2024 ला तिथल्या पहाटे 2 वाजून 20 मिनिटांनी, म्हणजे आपल्या संध्याकाळी 5 वाजून 50 मिनिटांनी, हालेमाउमाउ विवराच्या तळाला भेगा पडल्या आणि लाव्हा वर आला. तेव्हापासून तो थांबून थांबून फुटतो आहे. काही तास कारंजं, मग कित्येक दिवस नुसता धूर. त्या धुराच्या दिवसांसाठी मी बसतो.

या डोंगराशी माझी ओळख काजळीमुळे झाली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा भूकंपाची रेघ शाईनं नाही, काजळीवर उमटायची. चकचकीत पांढरा कागद ड्रमला ताणून गुंडाळायचा, जोड चिकटवायचा आणि रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर ड्रम सावकाश फिरवत कागद काळा करायचा. काजळी जाड बसली तर सुई अडखळते, पातळ बसली तर रेघ उठून दिसत नाही. हात बसायला मला तीन महिने लागले. मग ड्रम यंत्रावर चढवायचा. सुई काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत जायची आणि दर मिनिटाला घड्याळाचं एक बारीक टिंब पडायचं. चोवीस तासांनी कागद उतरवायचा तो दोन्ही कडांना धरून. कुठे बोट लागलं की तिथला भूकंप पुसला गेला म्हणून समजा. शेवटी स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवलेल्या ट्रेमधून तो ओढून काढायचा आणि कपडे वाळत घालतात तसा दोरीवर लावायचा. खोलीभर स्पिरिटचा वास, दोरीवर काळे कागद आणि त्यावर रात्रभराची जमीन.

एकदा पावसाळ्यात केंद्राचं कपाट आवरताना इंग्रजीतला एक जुना लेख हाती लागला. त्यातल्या फोटोत एका तळघरात ड्रमशी वाकलेला माणूस होता. ड्रमवर काळा कागद, काळ्या कागदावर पांढरी रेघ. खाली साल होतं 1912. माझ्याच कामाचा माणूस, माझ्या जन्माच्या चव्वेचाळीस वर्षं आधीचा. त्या दिवसापासून किलाउएआबद्दल जिथे जे मिळेल ते वाचत आलो.

तिथली पाळत मात्र त्या यंत्रांच्याही आधीची आहे. 1823 मध्ये विल्यम एलिस हा इंग्रज मिशनरी किलाउएआच्या काठावर पोचला, तेव्हा त्याच्या हवाईयन वाटाड्यांनी त्याला सांगितलं की अंधारयुगापासून हा डोंगर जळतोच आहे. काठावर उगवणारी ओहेलोची लाल फळं आधी पेलेला वाहिल्याशिवाय ते स्वतः तोंडात घालत नसत. पेले ही अग्नीची देवी आणि हालेमाउमाउ हे तिचं घर. आधी कुठे फुटला होता, लाव्हा कुठवर गेला होता, हे त्या लोकांच्या गाण्यांत आणि गावांच्या, टेकड्यांच्या नावांत जपलेलं होतं. काठावरच्या माणसांनी डोंगर ध्यानात ठेवलेला होता. कागद नंतर आला.

आणि कागद आला तो धर्मशाळेच्या वहीच्या रूपानं. काठावर प्रवाशांसाठी साधा निवारा होता, पुढे त्याचं व्होल्कॅनो हाउस नावाचं हॉटेल झालं. फेब्रुवारी 1865 मध्ये ओरामेल गुलिक नावाचा मिशनरी तिथे मुक्कामाला आला आणि जाताना एक कोरी वही ठेवून गेला. येणाऱ्यानं आपण काय पाहिलं ते हिच्यात लिहावं, एवढीच त्याची विनंती. लोकांनी लिहिलं. कुणी लाव्ह्याच्या तळ्याची पातळी लिहिली, कुणी नकाशा काढला, कुणी नुसतं धुकं होतं म्हणून लिहिलं. पुढच्याच वर्षी मार्क ट्वेन येऊन त्याच वहीत लिहून गेला. पुढे अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातला किलाउएआचा इतिहास जुळवायला घेतला तेव्हा त्यांना या वहीचा मोठा आधार झाला. मला यातल्या धुक्याच्या नोंदी सगळ्यात मोलाच्या वाटतात. तळं दिसलं नाही हे ज्यानं लिहून ठेवलं, त्यानं त्या तारखेला पाळत मोडली नाही.

फोटोतला माणूस थॉमस जॅगर. बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. 8 मे 1902 ला कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले फुटला आणि तापलेल्या वायूच्या आणि राखेच्या लोटानं काही मिनिटांत सेंट पिएर शहर संपवलं. सुमारे 28,000 माणसं गेली. (हा पेले म्हणजे डोंगर, हवाईची देवी ती वेगळी.) थोड्याच दिवसांत जॅगर त्या जळक्या शहरातून चालत होता. डोंगर त्याआधी कित्येक आठवडे धुमसत होता, राख टाकत होता. पण त्या धुमसण्याचा अर्थ लावायला रोजची नोंद असलेलं कुणी तिथे नव्हतं. स्फोट झाल्यावर बोटीनं येऊन मोजमाप घेणारा शास्त्रज्ञ उशीरच करतो, हे त्याच्या मनानं तिथे घेतलं. ज्वालामुखीच्या अंगणातच घर बांधून राहायचं, हा त्याचा निश्चय.

अशी वेधशाळा काढणारा तो पहिला नव्हता. व्हेसुव्हियसवर 1841 पासून वेधशाळा होती आणि 1872 च्या उद्रेकात लाव्ह्यानं वेढलेल्या त्या इमारतीत लुइजी पालमिएरी यंत्रांपाशी बसून राहिला होता. त्याच डोंगरावर तयार झालेला फ्रँक पेरेट हा किलाउएआवर जॅगरच्याही आधी जाऊन बसला. पेरेट मूळचा विजेच्या यंत्रांचा कारागीर, एडिसनकडे काम केलेला. 1906 च्या उद्रेकाआधी व्हेसुव्हियसवर रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला बारीक गुणगुण जाणवली. खात्री करायला त्यानं लोखंडी पलंगाच्या दांडीला वरचे दात टेकवले, तर जमिनीची थरथर थेट डोक्यात शिरली. मी हे वाचलं आणि आमच्या केंद्रातल्या खाटेवर करून पाहिलं. जनरेटर चालू असताना येतं. तो बंद झाल्यावर जी शांतता दातांना लागते, ती मी विसरलेलो नाही.

1911 च्या उन्हाळ्यात पेरेट हालेमाउमाउच्या काठावर लाकडी खोपटात राहिला. खाली उकळतं लाव्ह्याचं तळं. विवरावर आडवी तार ताणून तिच्यावरून त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं तापमापक खाली सोडला. आधीचे प्रयत्न फसले, मग एकदाचा आकडा मिळाला: सुमारे 1,000 अंश सेल्सिअस. पेरेट दर आठवड्याला डोंगराचं वर्तमान होनोलुलूच्या वर्तमानपत्राला धाडत असे. आजही तिथली वेधशाळा आठवड्याचं सदर लिहिते.

जानेवारी 1912 मध्ये जॅगर कायमचा आला आणि फेब्रुवारीत तळघराचं काम सुरू झालं. खणणारे होते तुरुंगातले कैदी. कुदळ-फावड्यांनी जवळजवळ सहा फूट राख आणि भुसभुशीत दगड उपसून ते घट्ट लाव्ह्याच्या थराला लागले आणि त्या थरावर यंत्रांचे ओटे उभे राहिले. जागेला नाव मिळालं व्हिटनी, ज्या कुटुंबाच्या 25,000 डॉलरांच्या देणगीतून यंत्रं आली त्यांचं. आमच्या केंद्राचा खड्डा गावातल्याच गड्यांनी खणला होता, काळ्या पाषाणावर पहार खणखणेपर्यंत. तो पाषाणही एके काळचा लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेला आणि सह्याद्रीच्या पायऱ्या झाल्या. नव्या पोरांना मी सांगायचो, आपला ओटा गार झालेल्या ज्वालामुखीवर आहे, त्यांचा अजून ऊन आहे. बाकी काम एकच.

त्या तळघरात जपानच्या ओमोरी या भूकंपशास्त्रज्ञाच्या पद्धतीची यंत्रं बसली. आडवा लोलक, सुई, काजळीचा कागद. आणि इथे एक गोष्ट घडली जी फक्त रोज कागद बदलणाऱ्यालाच दिसू शकते. भूकंप नसतानाही सुई आपली जागा सोडून हळूहळू एका बाजूला सरकायची. आमच्याकडेही सरकायची. आम्ही ती पुन्हा मध्यावर आणायचो आणि कामाला लागायचो, कारण आमच्या बाबतीत बहुतेक वेळा ते उन्हापावसाचं, ओलाव्याचं काम असायचं. जॅगर आणि त्याचे लोक ते सरकणं मोजत गेले. ऊन-पाऊस वजा केल्यावरही काही उरत होतं. डोंगरच फुगत होता आणि बसत होता. खाली लाव्हा भरला की काठाची जमीन बाहेरच्या बाजूला कलायची, निघून गेला की आत. भूकंप मोजायला आणलेलं यंत्र डोंगराचा श्वास दाखवत होतं. 1913 पासूनच्या या नोंदी आहेत आणि आज मी पडद्यावर जो आलेख बघतो तो त्याच रेघेचा वंशज आहे.

1924 मध्ये त्या रेघेनं मोठी हालचाल दाखवली. इतकी वर्षं दिसणारं लाव्ह्याचं तळं फेब्रुवारीत खचून नाहीसं झालं. जमीन बसत गेली आणि मे महिन्यात वाफेच्या स्फोटांनी हालेमाउमाउ हादरलं. अडीच आठवडे कित्येक टनांचे दगड उडत होते. विवराची रुंदी दुपटीच्या घरात गेली आणि जवळ गेलेल्या एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर अधूनमधून थोडा लाव्हा आला, 1934 मध्ये तेहेतीस दिवस टिकला आणि मग थांबला.

थांबला तो अठरा वर्षं.

या अठरा वर्षांविषयी कुणी फार लिहीत नाही. मला मात्र तिथला रोजचा दिवस डोळ्यांसमोर आणता येतो. मंदीमुळे वेधशाळेचे पैसे आटले, ती एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेली. शेजारचा माउना लोआ मधूनमधून फुटत होता, त्यामुळे अगदी रिकामे हात नव्हते. पण पायाखालचा किलाउएआ गप्प. 1940 मध्ये जॅगर निवृत्त झाला आणि कारभार रुई फिंच या त्याच्या जुन्या सहकाऱ्याकडे आला. फिंचनं 1951 पर्यंत वेधशाळा सांभाळली. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत किलाउएआत लाव्ह्याचा थेंब दिसला नाही. तो उतरल्यावर पुढच्याच वर्षी, 27 जून 1952 ला, हालेमाउमाउ फुटलं आणि 136 दिवस चालू राहिलं. वयोवृद्ध जॅगर तोवर हयात होता, जानेवारी 1953 मध्ये गेला.

फिंच माझ्या डोक्यातून जात नाही. त्याची वर्षं वाया गेली असं कुणाला वाटेल. पण त्याच्या वेळचे कागद कोरे राहिले असते तर 1952 च्या आधीची हालचाल कशाशी ताडून पाहणार होते? स्वस्थ डोंगर कसा असतो ते आधी कागदावर हवं. आमचे मुख्य निरीक्षक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, ‘हे बघा, भूकंपाचा कागद कुणीही जपून ठेवील. तुम्ही निरंकाचा कागद नीट ठेवा.’ ते हे बोलायचे त्याला कारण होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या घराची मागची भिंत गोठ्यावर पडली. वडील मला कांबळ्यासकट उचलून अंगणात घेऊन गेले होते. धरणात पाणी भरू लागल्यापासून खोऱ्यात लहान धक्के बसत होते आणि त्यांची नोंद होत होती. त्या आधीच्या बारीक धक्क्यांचे कागद अभ्यासकांनी नंतर पुन्हा पुन्हा उघडले. ते होते म्हणून धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगापुढे मांडता आला.

1952 नंतर किलाउएआवर कामाला वेग आला. जेरी ईटन यानं पाण्याच्या नळ्यांचा कलमापक बसवला. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाण्याची नळी धरतो ना, त्याच तत्त्वाचा. नोव्हेंबर 1959 मध्ये शेजारच्या किलाउएआ इकी विवरातून कारंजं उसळलं त्याआधी या नळ्यांनी डोंगर फुगल्याचं दाखवलं होतं. पुढे त्या कारंज्याची उंची 1,900 फुटांपर्यंत गेली. 1983 ते 2018 पूर्वेच्या भेगेवर पुऊ ओओचा उद्रेक पस्तीस वर्षं चालला. 2018 मध्ये तो लाव्हा खालच्या वस्तीत फुटला, सातशेहून जास्त घरं गेली आणि शिखराकडचा भाग बासष्ट धक्क्यांत खचत गेला. काठावर उवेकाहुना इथे असलेल्या वेधशाळेच्या भिंतींना तडे गेले आणि माणसांना इमारत सोडावी लागली. शंभराहून अधिक वर्षं अंगणात राहिलेली वेधशाळा हिलो शहरात गेली. 2024 मध्ये काठावरच्या जुन्या इमारती उतरवायला घेतल्या. आता तिथलेही निरीक्षक बराच वेळ माझ्यासारखेच पडद्याकडे बघतात.

काय बघायचं ते सांगतो. कलाच्या आलेखाचं माप मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीची सळई जमिनीवर ठेवून तिचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं की जो कल येतो तो एक मायक्रोरेडियन. कारंजं थांबल्यापासून ही रेघ रोज थोडी थोडी चढत जाते. दहा, बारा, कधी वीसच्याही पुढे. दिवस भरत आले की विवराच्या तोंडाशी लाव्हा वर येतो, काठावरून ओघळतो आणि वायू सुटला की सूं करून परत खाली जातो. तासाभरानं पुन्हा वर. दुधाला उकळी यावी, गॅस बारीक करावा, साय खाली बसावी, तसं. हे कधी दिवसभर चालतं. मग एखाद्या वेळी तो खाली जातच नाही. ओघळ जाड होतो, तोंडाशी उडी वाढते आणि चढत आलेली रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली येते. फुगलेला डोंगर रिकामा होऊ लागलेला असतो. मे 2025 मधल्या तेविसाव्या खेपेला कारंजं 1,000 फुटांच्या वर गेलं. त्या उंचीपुढे विवराचा काठ घराच्या उंबऱ्याएवढा दिसत होता.

डिसेंबर 2025 मध्ये, अडतिसाव्या खेपेला, व्ही-3 गेला. दक्षिण काठावरच्या या कॅमेऱ्याकडे कारंज्याची धार कलली आणि तापलेल्या दगडांचा मारा थेट त्याच्यावर आला. पुढचं सगळं त्यानंच दाखवलं. आधी लालसर पाऊस, मग राखाडी, मग काळं. केंद्रात यंत्र बंद पडलं की बंद पडल्याची वेळ आधी लिहायची आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, ही आमची शिस्त. मी व्ही-3 ची वेळ लिहिली, खाली रेघ मारली.

गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडे माझी सकाळ गेली. घरी यायला दीड वाजला. चप्पल काढतानाच बायकोला विचारलं,

‘काही झालं का?’

‘तुमचं दुखतंय का ते आधी सांगा,’ ती म्हणाली. ‘वहीत लिहिलंय मी.’

तिनं आजवर कधी त्या वहीला हात लावला नव्हता. कॅमेरा तिला उघडता येतो हेही मला माहीत नव्हतं. वही उघडली. माझ्या अक्षराखाली तिचं मोठं, गोल अक्षर होतं. तारीख टाकली होती. कलाचा आकडा नव्हता, तो रकाना मोकळा सोडला होता. पुढे लिहिलं होतं: ‘10.15. डावीकडच्या भोकातून धूर, उजवीकडे लाल दिसतं पण बाहेर येत नाही. 11.00. तसंच. 12.10. पाऊस आला, काही दिसत नाही.’